हाकेला येणारी नारोक

मी एक चादर आहे. लाल-काळ्या चौकड्यांची, जाड. आता चौकडे पुसट झालेत आणि ठिकठिकाणी भोकं पडलीत. मला खांद्यावर घेऊन कुणी बाजारात गेलं तर लोक हसतील. पण या रेताड नदीच्या काठी एक जीव मला आई समजत होता. तो गेल्यावर आणखी एक. म्हणून मला बोलायचंय, आणि ते आजच बोलायला हवं. दुपार कलली की मला जाळणार आहेत.

माझा जन्म नाकुरूच्या कापडगिरणीतला. तिथलं मला फार आठवत नाही. यंत्रांचा खडखडाट आठवतो आणि माझ्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणींचा गठ्ठा आठवतो. गठ्ठा ट्रकमध्ये पडला, ट्रकने रस्ताभर हाडं खिळखिळी केली, आणि एक दिवस मी वांबाच्या बाजारात दोरीवर लटकले.

नोलारी आली ती बकरी विकून. गळ्यात मण्यांच्या माळांची रास, तोंडात मिश्कील हसू. तिने मला चिमटीत धरलं, वास घेतला, आणि दोन्ही हातांनी ताणून माझ्यातून सूर्याकडे पाहिलं.

"ही चादर आहे की मच्छरदाणी? पलीकडचा डोंगर दिसतोय मला."

"मावशी, डोंगर बघायला आलीस की चादर घ्यायला?" दुकानदार म्हणाला.

"नवऱ्यासाठी घ्यायचीय. त्याला नवीन काम लागलंय. भल्या पहाटे बाहेर पडतो. गारठून मेला तर तू सांभाळशील का मला?"

दुकानदाराने कानाला हात लावला आणि भाव उतरवला. अशी मी लेतोइयेची झाले.

लेतोइये गेंडे राखण्याच्या कामावर होता. आमच्या नदीच्या दोन्ही तीरांना, काटेरी बाभळींच्या रानात, काळे गेंडे राखले होते. त्याआधी आणि त्यानंतरही तो मुळात गुराखीच होता. त्याचा बाप गुराखी, बापाचा बाप गुराखी. आम्हा सांबुरू जमातीच्या लोकांच्या अंगातच गुरं असतात. मी सांबुरूंची चादर, म्हणून मीही 'आम्ही' म्हणते.

उन्हाळ्यात नदीला वरून पाणी नसतं. वाळू खणत खाली जावं लागतं. मग पुरुष एकाखाली एक उभे राहतात, तळातला बादली भरून वर देतो, वरचा त्याच्या वरच्याला, आणि सगळे मिळून गातात. प्रत्येक घराचं गाणं वेगळं. वर काठावर कितीतरी घरांची गुरं तहानलेली उभी असतात, पण आपल्या घराचं गाणं कानावर पडेपर्यंत एकही गाय पाय उचलत नाही. गाणं सुरू झालं की तेवढ्याच गाई कळपातून वेगळ्या होऊन डोलत खाली उतरतात. मी खडकावर पडून हे पाहत असे, कारण विहिरीत उतरताना लेतोइये मला काढून ठेवी.

ज्याची गुरं पहिल्या ओळीला येतात त्याला आमच्यात मान असतो. लेतोइयेच्या गुरांना दुसरी ओळ कधी लागत नसे. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. पाणवठे आटून चिखल झाले. अशाच एका चिखलात एक गेंडीण रुतली आणि उठलीच नाही. तिच्या शेजारी तिचं पिल्लू उभं होतं. एकालकाकाला ते दिसलं.

एकालकाका तुर्काना जमातीचा. लेतोइयेचा वरिष्ठ आणि माग काढण्यात सगळ्यांचा गुरू. पुढचे दोन दात नाहीत, जीभ मात्र शाबूत. त्याने गाडीतून पिल्लू राखणदारांच्या चौकीवर आणवलं. काळं, बकरीपेक्षा थोडं मोठं, अंगावर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, नाकावर शिंगाच्या जागी नुसतं टेंगूळ. आणि आवाज कसला, तर मांजरीच्या पिलासारखा. चीं, चीं. एवढ्या गाजलेल्या जनावराचा हा आवाज ऐकून नवखे लोक हसतात. तो दिवसभर ऐकला की हसू जातं.

लेतोइयेने बाटली पुढे केली. पिल्लू तोंड लावेना. बाटलीवरून, भिंतीवरून, माणसांच्या गुडघ्यांवरून नाक फिरवत ते काहीतरी शोधत होतं.

"पोट शोधतंय ते," एकालकाका म्हणाला. "वरून लोंबणारं, उबदार काहीतरी. बाटलीला पोट असतं का? तुझ्या डोक्यात जरा तरी उजेड पडू दे, पोरा."

लेतोइयेने इकडेतिकडे पाहिलं. मग मला खांद्यावरून ओढलं आणि आडव्या बांबूवर टाकलं. बाटली माझ्याखालून पुढे केली.

पिल्लू आलं. त्याने आधी माझ्या कडेला नाक लावलं. मग डोकं खाली घालून ते माझ्या आत शिरलं, जोरात वर ढुशी दिली आणि त्याला बाटली सापडली. ते चोखू लागलं. दर घोटाला माझ्यावर एक ढुशी. मी गिरणीत जन्मले. माझ्या अंगात धाग्याशिवाय काही नाही. पण त्या दिवशी कुणीतरी मला अशी ढुशी देत होतं, की अजून दे, अजून दे.

लेतोइये बाटली धरून उकिडवा बसला होता. आणि त्याच्याही नकळत तो गुणगुणायला लागला. विहिरीवरचं गाणं. पाणी देताना तोंडात येतं तेच, दूध देताना आलं.

एकालकाका दारात उभा होता. कुणीच काही बोललं नाही. पिल्लू वाचत होतं, तेव्हा गाण्याबद्दल कोण कशाला बोलेल?

त्या रात्री लेतोइये माझ्याशिवाय घरी गेला. तिथलं मला पुढे नोलारीनेच सांगितलं, म्हणजे ती मला धुताना बडबडत होती. "नवी बायको आणायची तर खुशाल आणा, नाइसुलाचे बाबा. मी का नाही म्हणतेय? पण माझ्या बकरीची चादर तिला द्यायच्या आधी मला निदान विचारायचं." आणि लेतोइये म्हणाला होता, "सवत आहे खरी. काळी आहे. नाक मोठं आहे. तुझ्याहून कमी बोलते." दुसऱ्याच दिवशी नोलारी सवतीला बघायला आली, आणि तिनेच नाव ठेवलं. नारोक. काळी.

नारोकच्या बालपणाबद्दल मी दिवसभर बोलू शकते. तिला माझ्याखाली झोपायची सवय. ती मोठी होत गेली, मी तेवढीच राहिले, तेव्हा शेवटी फक्त तिचं तोंड माझ्याखाली मावे. झोपेत ती माझा कोपरा चघळी. तिचा वरचा ओठ बोटासारखा टोकदार, त्याने ती काटेरी डहाळ्या अशा अलगद तोडी, की काटा कुठे जातो कळत नसे. दुपारी लेतोइये तिला चिखलात नेई आणि स्वतःच्या हाताने तिच्या पाठीवर चिखल फेकी. घरी आल्यावर नोलारी नाक धरून विचारी, "आज गेंडा कोण आणि माणूस कोण?"

तिला रानात परत द्यायचं होतं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. रानातले गेंडे परक्याला मारून टाकतात. त्यांना नजर कमी. त्यांची ओळख सगळी वासावर चालते. ठरावीक जागी ते शेण टाकतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ते हुंगून कोण आलं, कोण गेलं ते जाणतो. म्हणून लेतोइये आणि एकालकाका रोज सकाळी नारोकचं शेण पोत्यात भरत आणि रानातल्या त्या ढिगांवर नेऊन टाकत. नारोकही बरोबर चाले. मी लेतोइयेच्या खांद्यावर.

"म्हातारपणी टपालवाला झालो," एकालकाका कुरकुरे. "पत्रं वाटतोय. 'सप्रेम नमस्कार, मी नारोक, सध्या खुशाल आहे.' उत्तर कधी येणार?"

उत्तर आलं. एके सकाळी नारोकच्या शेणावर एका जुन्या नराने आपलं शेण टाकलेलं होतं, आणि पायाने उकरून दोन्ही एकत्र केलेली होती. एकालकाकाने टोपी काढली. लेतोइये मात्र गप्प होता. पोरीला मागणी आली की बाप असा गप्प होतो.

नारोक रानात गेली. आधी दिवसा जाई, परत येई. मग यायची बंद झाली. मी पुन्हा लेतोइयेच्या खांद्यावर राहायला लागले. माझ्या अंगाला तिचा वास येत होता आणि लेतोइये कधी कधी, कुणी नसताना, माझ्यात तोंड खुपसत असे.

इथेच थांबायला हवं होतं.

मुरिथी नावाचा एक वाटाड्या होता, मेरूकडचा, गोड बोलणारा, मनाने वाईट नव्हे. पाहुण्यांना गाडीतून गेंडे दाखवायला आणायचा. पण काळा गेंडा म्हणजे लाजाळू. माणसाची चाहूल लागली की झुडपात, नाहीतर सरळ अंगावर. पाहुणे दिवसभर धूळ खात आणि गेंड्याची नुसती पावलं पाहून परत जात.

एकदा असेच पाहुणे घेऊन मुरिथी आला. त्यात एक वृद्ध बाई होत्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्या सारख्या एकच विचारत होत्या, मोकळ्या रानातला गेंडा कुठे बघायला मिळेल?

मुरिथीने लेतोइयेला बाजूला घेतलं. "भावा, या बाई पुन्हा यायच्या नाहीत. वय बघ. पोरगी आहे ना तुझी इथेच कुठेतरी? जरा हाक मार की."

"ती काय शेळी आहे?" लेतोइये म्हणाला.

"मग येत नसेल हाकेला. राहू दे. मला वाटलं, तू बोलावलंस की येते."

हे मुरिथी सहज बोलला की मुद्दाम, मला ठाऊक नाही. पण गुराख्याला असं कुणी बोलत नाही. लेतोइयेने मला खांद्यावरून काढलं, वाऱ्यावर झटकलं, म्हणजे माझा वास रानात दूरवर पोचावा, आणि गायला सुरुवात केली. विहिरीवरचं गाणं. पहिलीच ओळ.

झुडपं हलली. नारोक आली. केवढी झाली होती! धावत नाही, डोलत, कान पुढे करून, आमच्या गाई काठ उतरतात तशी. ती येऊन माझ्यापाशी थांबली आणि तिने माझ्या कडेला नाक लावलं. मला तिचा श्वास लागला. मी खोटं का बोलू, मला फार सुख झालं.

त्या बाई रडल्या. मुरिथीने लेतोइयेची पाठ थोपटली. आणि लेतोइयेची मान अशी ताठ झाली, की त्यानंतर कितीतरी दिवस ती खाली आली नाही.

एकालकाकाला कळलं तेव्हा तो चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला.

"ती आली?"

"पहिल्या ओळीला आली, काका."

"आणि तुला आनंद झाला."

"का नको व्हायला?"

"अरे तुम्ही सांबुरू लोक! तुम्हाला जग म्हणजे गोठा वाटतो. गाय हाकेला आली तर चांगली गाय. गेंडा हाकेला आला तर तो कसला गेंडा? उद्या दुसऱ्या कुणी बोलावलं तर?"

"माझं गाणं दुसऱ्या कुणाला येत नाही," लेतोइये म्हणाला.

"गाणं नाही रे शिकली ती," एकालकाका म्हणाला. "माणूस शिकली."

लेतोइये हसला. म्हाताऱ्याला काळजी करायची सवयच आहे, असं त्याला वाटलं. पाहुणे येत राहिले. नेहमी नाही, पण अधूनमधून मुरिथी येई आणि लेतोइये मला झटके. 'गेंडा कुठे बघायला मिळेल?' या प्रश्नाचं उत्तर आता वाटाड्यांना पाठ झालं होतं. लाल चादरवाल्या लेतोइयेपाशी. नारोकही येत राहिली. पुढे काही वर्षांनी ती आली तेव्हा तिच्या मागे एक लहानसं काळं टेंगूळवालं नाक होतं. तिने पोराला आणलं होतं दाखवायला. लेतोइयेने गाणं अर्ध्यावर सोडलं आणि तो मटकन खाली बसला. पोर माझ्याजवळ आलं नाही, आईच्या पोटाखालीच राहिलं. मला ते आवडलं. त्याच्याकडे खरं पोट होतं.

ती दुपार फार गरम होती. पाखरंसुद्धा गप्प होती. आधी दूरवर बंदुकीचा आवाज झाला, मग पुन्हा. लेतोइये धावत सुटला आणि मी त्याच्या खांद्यावरून घसरत, काट्यांना अडकत, फाटत त्याच्याबरोबर गेले.

नारोक कुशीवर पडली होती. तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. मग मला बघावंच लागलं, कारण लेतोइयेने मला काढून तिच्या तोंडावर घातलं. लहानपणी झोपताना घालत असे तसंच. जिथे शिंग होतं तिथे मी ओली झाले. मी तिची पहिली चादर, आणि शेवटचीही मीच झाले.

एकालकाका मागाहून आला. तो तिच्याजवळ गेला नाही. जमिनीकडे बघत, वाकून, लांबून एक फेरी मारून आला. असं त्याला मी नेहमी बघत आले होते, पण त्या दिवशी तो फार हळू चालत होता.

"बोल, काका," लेतोइये म्हणाला.

"राहू दे."

"बोल."

एकालकाकाने काठीने दाखवलं. "हे इथून आले. माणसं. चपलांवरून इथलीच वाटतात. ते सरळ चालत आले, लपतछपत नाही." मग त्याने काठी दुसरीकडे नेली. "ही तिची पावलं. तिने त्यांना ऐकलं. ती पळाली नाही. अंगावरही गेली नाही. पळताना माती मागे उडते, इथे बघ, कशी नीट आहेत पावलं. ती चालत त्यांच्याकडे गेली."

लेतोइये त्या पावलांपाशी वाकला.

"इथे थांबली," एकालकाका म्हणाला. "बराच वेळ थांबली असावी. पुढचे पाय रुतलेत. उभी राहून कशाची तरी वाट बघत होती."

कशाची, ते त्याने सांगितलं नाही. लेतोइयेला कळलं. मलाही कळलं. माणसं आली होती, आता गाणं सुरू होईल, म्हणून ती उभी होती.

लेतोइये जमिनीवर बसला. त्याने रडण्यासाठी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. झुडपातून मात्र आला. चीं, चीं.

पोर तिथेच होतं. त्याने आईला ढुशी दिली, मग पुन्हा दिली. मग ते माझ्याकडे आलं. आईचा वास आता माझ्यातच जास्त होता.

त्यांनी मला धुतलं नाही. धुतलं असतं तर पोराने दूध घेतलं नसतं. पुन्हा तोच बांबू, पुन्हा मी, पुन्हा खालून बाटली. पोर आत शिरलं आणि ढुशी दिली. लेतोइये उकिडवा बसून बाटली धरत होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी वाट पाहिली. सवयीने पाहिली. गाणं आलं नाही.

नोलारी आली, पोराला बघितलं, डोळे पुसले. "नाव काय ठेवलंत?"

"ठेवायचं नाही."

"बिननावाचं पोर वाढवतं का कुणी?"

"नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते," लेतोइये म्हणाला.

नोलारी त्या दिवशी एकही चेष्टा न करता घरी गेली.

त्या वर्षी उन्हाळ्यात लेतोइये विहिरीत उतरला, बादल्या वर दिल्या, पण गायला नाही. त्याच्या गाई काठावर उभ्याच राहिल्या. तहानेने जिभा बाहेर आल्या तरी उभ्या. शेवटी त्याचा धाकटा भाऊ आत उतरला आणि त्याने गाणं म्हटलं, तेव्हा गाई दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला, बिचकत खाली आल्या. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

पोराला त्याने असं वाढवलं, की बघणाऱ्याला तो दुष्ट वाटावा. दूध द्यायचं, पण पाठीवर हात फिरवायचा नाही. चिखलात न्यायचं, पण चिखल फेकायचा नाही. बोलायचं नाही. पोर रात्री चीं चीं करी तेव्हा लेतोइये भिंतीच्या पलीकडे जागा असे, मला त्याचा श्वास ऐकू येई, पण तो आत येत नसे. आत फक्त मी होते. पोराने मला चावून चावून माझी लक्तरं केली. आईनेही हाच कोपरा चघळला होता.

मुरिथी एकदा आला. पाहुणे गाडीत ठेवून, टोपी हातात घेऊन आला. "भावा, मला माहीत नव्हतं."

"मलाही माहीत नव्हतं," लेतोइये म्हणाला. "चहा घे."

दोघांनी चहा घेतला. गेंड्याचं नाव कुणी काढलं नाही. मुरिथी पाहुण्यांना घेऊन नुसता परत गेला.

पुन्हा शेणाची पोती निघाली, पुन्हा ढीग झाले, पुन्हा रानातून उत्तर आलं. या वेळी एकालकाकाने टपालाचा विनोद केला नाही. पोर आता पोर राहिलं नव्हतं. दांडगा नर झाला होता, नाकावर शिंग आलं होतं. तो रानात गेला. पण दर दोन-चार दिवसांनी परत येई आणि कुंपणाबाहेर उभा राही. मी आत खुंटीवर होते. कुंपणाच्या फटीतून तो नाक आत घाली, माझा वास घेई, आणि तिथेच, माणसांच्या इतक्या जवळ, डोळे मिटून झोपी जाई.

आज सकाळीही तो आला. लेतोइये आणि एकालकाका कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते.

"हाही तसाच व्हायचा," एकालकाका म्हणाला.

लेतोइयेने रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि काठी घेतली. कुंपणाबाहेर गेला आणि डबा बडवायला लागला. "हट! चालता हो! काळतोंड्या! कोण लागतो तू माझा? जा!" गेंड्याने डोळे उघडले, कान हलवले. तो गेला नाही. उलट एक पाऊल पुढे आला. लेतोइयेने मातीचं ढेकूळ उचललं आणि मारलं. ते त्याच्या नाकावर फुटलं. लेतोइये ओरडत होता, शिव्या देत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दुसरं ढेकूळ. तिसरं. "जा रे! जा, माझ्या राजा, जा!"

गेंडा जोरात फुरफुरला. डोकं खाली गेलं. आणि मग तो आला, चालत नव्हे, धावत, मागे माती उडवत. लेतोइयेने डबा टाकला आणि जवळच्या बाभळीवर उडी घेतली. खाली गेंड्याने डब्याला शिंगाने उडवलं, झाडाला धडक दिली, गरगर फिरला.

"आता झाला गेंडा!" एकालकाका कुंपणाआडून ओरडला. तो हसत होता, दोन दात नसलेलं तोंड उघडं, आणि डोळे भरलेले. "पोरा, कसं वाटतंय वर?"

"काटे आहेत, काका!"

"बाभूळ आहे ती! काटे असणारच!"

गेंडा वळला आणि झुडपात शिरला. त्याने मागे पाहिलं नाही. मी फटीतून बघत होते. मला वाटलं, निदान माझ्यासाठी तरी एकदा मागे बघेल. नाही पाहिलं. मी त्याची आई होते, आणि मला तेच हवं होतं, असं मी स्वतःला सांगते आहे.

लेतोइये खाली उतरला. अंगभर ओरखडे, हातातून रक्त. तो सरळ आत आला आणि त्याने मला खुंटीवरून काढलं. मी इथे आहे तोवर तो येत राहील, हे सगळ्यांनाच कळतं. नोलारीला निरोप गेला. ती आली, तिने मला उलगडलं आणि पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच सूर्यासमोर ताणून धरलं.

"आता खरंच सगळा डोंगर दिसतोय," ती म्हणाली, आणि मला छातीशी धरून उभी राहिली.

आता काटक्या रचल्या आहेत. एकालकाका काडी लावायला वाकला आहे. मला जळायचं वाईट वाटत नाही. माझ्यासाठी कुणी दयामाया मागावी अशी माझी इच्छा नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुम्ही कधी इकडे याल. गेंडा कुठे बघायला मिळेल, असं विचाराल. विचारा. पण त्याला कुणी तुमच्यासाठी बोलवायला लागलं, तर त्या माणसाचा हात धरून त्याला थांबवा. आणि दिवसभर धूळ खाऊन तुम्हाला फक्त हलणारं झुडूप दिसलं, किंवा तो तुम्हाला हुंगून जिवाच्या आकांताने पळत सुटला, तर नाराज होऊ नका. तो जिवंत राहणार आहे, हे तुम्ही बघितलंत असं समजा.

लेतोइयेने मला हातात घेतलं आहे. तो विस्तवाजवळ उकिडवा बसला आहे, बाटली धरून बसायचा तसाच. आणि आता, इतक्या वर्षांनी, तो गातो आहे. विहिरीवरचं गाणं. पहिली ओळ. दुसरी. रानापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.

सगळे झुडपांकडे बघत आहेत. पलीकडे काहीतरी हललं. फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि तो आवाज दूर दूर, डोंगराकडे जात राहिला. दूध पाजताना त्या पोराला हे गाणं कधी कुणी ऐकवलंच नव्हतं.

लेतोइये शेवटच्या ओळीपर्यंत गायला. कुणी आलं नाही.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि माझा चघळलेला कोपरा त्याने आधी विस्तवात धरला.